दोर नसलेली होडी

१

मार्च उजाडला की कॉलेजच्या काचफळ्यावर नंदकुमार मोकल स्मृती पुरस्काराचं पत्रक लागायचं, आणि ते वाचताना संघप्रिया तांबेच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मजकूर दरवर्षी तोच. थोर मुद्राचित्रकार, ऋषितुल्य गुरू, विद्यार्थ्यांना तळहाताच्या फोडासारखं जपणारे शिष्यवत्सल सर. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. सर गेल्यापासून त्यांच्या वात्सल्याला नुसता पूर आला होता.

संघप्रिया बेलापूरच्या त्या कॉलेजात मुद्राचित्रण शिकवायची, म्हणजे धातूच्या प्लेटवर सुईने चित्र कोरून ते कागदावर छापायची विद्या. ती स्वतः मोकलसरांच्याच हाताखाली शिकली होती. सर मोठे कलावंत होते याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. उरणजवळच्या मोऱ्याच्या कोळीवाड्यात वाढलेला हा माणूस पाण्यावरचा उजेड असा कोरायचा की प्रिंटला हात लावला तर बोट ओलं होईल असं वाटावं. पण शिष्यवत्सल? सर विद्यार्थ्याच्या मागे येऊन उभे राहायचे. खांद्यावरून वाकून त्याच्या हातावर आपला जाडजूड हात ठेवायचे आणि म्हणायचे, "हात सैल सोर. मी हाय ना." मग सुई त्यांची चालायची. खाली सही विद्यार्थ्याची, बक्षीसही विद्यार्थ्याला, आणि बघणारे म्हणायचे, वा, काय पोरं तयार केलीत! कसली तयार? त्या वर्गातून बाहेर पडून पुढे स्वतःचं चित्र काढणारं एकही माणूस संघप्रियाला आठवत नव्हतं.

तिची स्वतःची प्लेट होती तुर्भ्याच्या विहाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांची. त्यात तिच्या आईची चप्पल होती, अंगठा तुटलेली. सरांनी तिच्या हातावर हात ठेवून तो अंगठा सांधून टाकला. म्हणाले, "चित्रान तुटका बरा नाय दिसत." ती प्लेट राज्याच्या प्रदर्शनात निवडली गेली, त्या दिवशी संघप्रियाने सगळ्या वर्गासमोर ब्युरिन उचललं. ब्युरिन म्हणजे धातू कापायचं टोकदार पोलादी हत्यार. प्लेटच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिने एक रेघ ओढली आणि प्लेट कॅन्सल केली.

हा छपाईवाल्यांचा रिवाजच आहे. ठरल्या तेवढ्या प्रती काढून झाल्या की प्लेटवर अशी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणी तिच्यातून छापू नये. रेघ मारल्याचा पुरावा म्हणून एक शेवटची प्रत तेवढी काढायची. पण चित्राला नुकतं यश मिळालेलं असताना कुणी ते असं मारत नाही. सर मात्र रागावले नाहीत. ते प्लेटवर वाकले, रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "रेघ झकास मारलीस गो. असी ताठ रेघ मना कंदी जमली नाय."

तिला त्याचाही रागच आला होता.

२

यंदाचा पुरस्कार वैदेही घागला मिळाला. वैदेही संघप्रियाच्या वर्गातली. घणसोलीच्या सोसायटीत तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून इमारतीचा डक्ट दिसायचा, आणि पोरगी दोन वर्षं त्या डक्टमधल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्याच काढत होती. भिजल्या चादरींच्या ओझ्याने झोल पडलेल्या, गाठी मारून लांबवलेल्या, एकीवर एक आडव्या दोऱ्या. त्या बघताना आपल्याच घरचा ओला वास यायचा. पोरगी डावखुरी होती आणि तिची रेघ कुणासारखीच नव्हती.

पुरस्कार म्हणजे महिनाभर तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या सरांच्या गाळ्यात काम करायची संधी. सरांची प्रेस, सरांचे तांब्याचे कोरे पत्रे, सगळं वापरायचं. संघप्रियाला ते मुळीच पसंत नव्हतं. पण कॉलेजची प्रेस रोलरला तडा जाऊन कधीची पडली होती, आणि ती दुरुस्त करावी असं कुणाला वाटत नव्हतं. काचफळ्याला रंग मात्र दरवर्षी. पोरीला निदान प्रेस मिळेल म्हणून ती गप्प बसली.

आठवडाभराने ती गाळ्यावर गेली. बाहेर ट्रक मागे घेताना ओरडत होते, शेजारच्या गाळ्यात पत्रा कापला जात होता. आत पाऊल टाकलं आणि तो आवाज एकदम दबला, कुणी कानावर उशी ठेवावी तसा. रॉकेल, शाई आणि ॲसिड यांचा जुना वास. खिळ्याला सरांचा एप्रन. मधोमध जहाजाच्या सुकाणूएवढं चाक असलेली प्रेस. आणि भिंतीवर सरांचं शेवटचं चित्र, ज्याच्यावर काम करताना ते इथेच टेबलावर मान टाकून गेले ते.

चित्र मोऱ्याच्या धक्क्याचं. भरतीचं पाणी, धक्क्यावर होडी बांधायचा खांब, थोडी दूर एक होडी. होडीला दोर नव्हता. ट्रस्टचे अध्यक्ष रावसाहेब इंगवले यांनी त्यावर 'मुक्तीची नौका' असा लेखही लिहिला होता. कसली डोंबलाची मुक्ती! होडीच्या टोकापासून खांबापर्यंत धातू घासून घासून पुसल्याचा राखी पट्टा दिसत होता. सरांनी दोर पुन्हा पुन्हा काढला होता आणि पुन्हा पुन्हा पुसला होता. ओढ घेतलेल्या दोराची ताठ रेघ त्यांना साधली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

"मॅम, बघा ना," म्हणत वैदेहीने पहिली प्रिंट समोर धरली.

डक्ट होता. दोऱ्या होत्या. तळाशी पाणी साचलेलं होतं. "तुंबतं ना आमच्याकडे," वैदेही म्हणाली. प्रिंट सुरेख होती, आणि तरी संघप्रियाला काहीतरी खुपायला लागलं. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं. सावलीसाठी मारलेल्या बारीक रेघा डावीकडे झुकल्या होत्या.

उजव्या हाताने तिरप्या रेघा मारल्या की त्या प्लेटवर उजवीकडे झुकतात, आणि छापताना चित्र उलटतं म्हणून कागदावर डावीकडे. डावखुऱ्याचं बरोब्बर उलटं. वैदेहीच्या रेघा आजवर कागदावर उजवीकडेच झुकत आल्या होत्या. या झुकत होत्या सरांसारख्या.

"हे तू कुठल्या हाताने काढलंस?"

"डाव्याने. मॅम, मला उजव्याने साधी सही नाही जमत," वैदेही हसली.

प्लेट आडवी फिरवून धरली असेल, संघप्रियाने मनात म्हटलं. तसं केलं तर झुकाव बदलतो. ते तिला पटलं, आणि रिक्षात बसेपर्यंत पटेनासं झालं. बाकीच्या चित्रातून ती प्लेट आडवी धरल्यासारखी वाटत नव्हती.

३

"हुबेहूब!" रावसाहेब इंगवले म्हणाले. ट्रस्टचं ऑफिस सीबीडीत, एसी गारेगार. रावसाहेब मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले, चित्रातलं त्यांना एवढंच कळायचं की ते भिंतीवर लावतात. वैदेहीच्या प्रिंटचा फोटो त्यांच्या मोबाईलवर होता. "मॅडम, अहो, साक्षात मोकलसरांचं काम वाटतं."

"हुबेहूब व्हायला ती काय झेरॉक्सचं मशीन आहे?" संघप्रियाचा आवाज चढला. "तिचं काम तिच्यासारखं दिसायला हवं. मला तिला कॉलेजात परत न्यायचंय. प्लेट आणि पोरगी दोन्ही."

"तसं कसं चालेल? गाळ्यात प्लेट पूर्ण करायची आणि ट्रस्टला द्यायची, ही पुरस्काराची अटच आहे. सरांचं काम पुढे चालू राहायला नको का?"

"सरांचं काम सरांबरोबर संपलं, रावसाहेब."

"असं तुम्ही म्हणता," रावसाहेब दुखावल्या स्वरात म्हणाले. "त्यांची विद्यार्थिनी असून म्हणता."

त्यांच्या डोक्यामागे आधीच्या दोन विजेत्यांच्या प्रिंट लावलेल्या होत्या. संघप्रिया आधीही या खोलीत आली होती, पण तिने त्या कधी नीट बघितल्या नव्हत्या. पहिली केयूरची, तुर्भ्याचा ट्रक टर्मिनल. ट्रकांच्या मागे जिथे डोंगर दिसायला हवा तिथे पाणी होतं, आणि पाण्यात एक खांब. दुसरी पार्थची, लग्नाचा मांडव. मांडवाच्या पलीकडे पाणी, खांब, आणि होडीचा अर्धा भाग. दोन्हीकडे रेघा डावीकडे झुकलेल्या, पण ती मुलं उजव्या हाताची होती, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हतं. दोन्हीकडे दोर नव्हता.

खाली उतरून तिने केयूरला फोन लावला. तो आता महापेला एका कंपनीत ॲपचं डिझाइन करायचा.

"मी सोडलं ते, मॅम. सुई धरली की हात बधिर होतो. माउस चालतो, बाइक चालते, सुई नाही."

"त्या गाळ्यात काय झालं रे?"

"काही नाही. खरंच. मस्त सोबत होती."

"सोबत कुणाची? तू एकटा होतास ना?"

पलीकडची माउसची टकटक थांबली.

"हो," केयूर म्हणाला. "एकटाच होतो, मॅम." आणि त्याने फोन ठेवला.

४

भूतखेत मानणाऱ्यांतली संघप्रिया नव्हती. तिच्या घरात आजोबांपासून असल्या गोष्टींना उंबरठ्याच्या आत घेत नसत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुर्भ्याच्या रस्त्याने चालताना ती स्वतःशी हिशेब मांडत होती. प्रभाव म्हणतात तो हाच. मेलेल्या माणसाचा एवढा उदोउदो करायचा, कोवळ्या पोरांना त्याच्या खुर्चीत बसवायचं, समोर त्याचं चित्र टांगायचं; मग हात तसाच वळणार. यात गूढ काही नाही, यात फक्त लबाडी आहे. हे सगळं तिला पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच संताप अनावर होत होता.

शटर अर्धं खाली होतं. आतून प्रेसच्या चाकाचा आवाज येत होता. करर, मग थांबणं, मग करर. सर चाक असंच अर्ध्यावर थांबवायचे, कंबर धरून. ती वाकून आत शिरली तर चाक स्थिर होतं आणि वैदेही पलीकडे टेबलाशी पाठमोरी बसलेली होती. चाकापासून टेबल चांगलं लांब होतं. आवाज शेजारच्या गाळ्यातला असेल, तिने मनाला सांगितलं, आणि शेजारी आज शटरला कुलूप होतं हे आठवायचं नाही असं ठरवलं.

"वैदेही."

पोरगी दचकली नाही. हळूच वळली. चेहरा उतरलेला, डोळे मात्र शांत.

टेबलावर प्लेट होती. डक्टच्या भिंती बाजूला सरून धक्क्याचे दगड झाले होते. तळाचं पाणी वर चढून भरतीचं झालं होतं. खांब होता. होडी होती. चादरी, गाठी, दोऱ्या, काही उरलं नव्हतं.

"तू मोऱ्याला कधी गेली होतीस?"

"मोरा कुठे आलं, मॅम? उरणला ना? नाही गेले कधी."

"आणि तुझ्या दोऱ्या कुठे गेल्या?"

वैदेहीने होडी आणि खांब यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. तिथला धातू घासून चकचकीत झाला होता. "इथे एक पाहिजे. पण दोर जमत नाहीये, मॅम. सारखी काढते, सारखी पुसते. दोर कधी मला जमलाच नाही ना."

दोन वर्षं जिने दोरांशिवाय दुसरं काही काढलं नव्हतं ती हे सांगत होती! संघप्रियाला रडू येईल की काय असं वाटलं, मग ते रडू संतापात गेलं. तिने वैदेहीचा डावा हात धरला आणि उजेडात ओढला. छपाईवाल्याच्या तळव्याला शाई असतेच. ही शाई हाताच्या मागच्या बाजूला होती. बोटांचे ठसे होते, पोरीच्या अख्ख्या पंजाला झाकून उरतील एवढे रुंद.

"हे काय आहे?"

"लागली असेल कुठेतरी."

"चल. सामान भर. इंगवल्यांशी मी बघते."

"थोडंच राहिलंय, मॅम. असं अर्धवट टाकलं तर सर रागावतील."

"कोण सर?"

वैदेहीने तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "इंगवले सर," ती म्हणाली. हेही खरं असू शकत होतं.

५

यावर उतारा एकच होता आणि तो संघप्रियाला पाठ होता. सरांच्या हत्यारांतून तिने ब्युरिन निवडलं आणि वैदेहीच्या डाव्या हातात दिलं.

"कॅन्सल कर. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"माझी प्लेट?"

"तुझी राहिलेलीच नाहीये ती. मी मारणार नाही रेघ. दुसऱ्याच्या प्लेटला हात लावायचा नाही, हे मी या माणसाकडून शिकले, उलट्या बाजूने. तुझी तू मार. एकदा मारलीस की तुझा हात तुला परत."

वैदेहीने टोक कोपऱ्यावर टेकवलं. हात तिथेच राहिला. कपाळावर घाम आला, मनगटाच्या शिरा फुगल्या, ओठ चावला गेला, पण टोक केसभरही सरकेना. बाहेरचे ट्रक गप्प झाले होते.

"मार, वैदेही."

"नाही होत, मॅम." ती रडायला लागली. "तो धरून ठेवतोय."

"कुणी धरत नाही! कुणी नाहीये इथे!"

संघप्रिया किंचाळली, आणि त्या तिरीमिरीत ती पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली. आयुष्यभराचा राग तिच्या दंडात उतरला होता. आईच्या चपलेचा तुटका अंगठा, केयूरचा बधिर हात, काचफळ्यावरची ती खोटी अक्षरं. ती वैदेहीच्या खांद्यावरून वाकली. आपला हात तिने वैदेहीच्या हातावर ठेवला.

"हात सैल सोर," ती म्हणाली. "मी हाय ना."

हात सैल सुटला. रेघ गेली, एका दमात, तांब्याचा बारीक कुरळा कीस मागे टाकत. इतकी ताठ, इतकी निर्दय रेघ तिने तरुणपणीही मारली नव्हती.

तिने ब्युरिन टेबलावर ठेवलं. आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं होतं. ती भाषा तिची नव्हती. मूळच्या चिपळूणकडच्या तिच्या घरात असं कुणीही बोलत नव्हतं. सवयीने आलं असेल तोंडात, ती स्वतःला सांगत राहिली, इतकी वर्षं ऐकलेलं, दुसरं काय.

कॅन्सल केलेल्या प्लेटची एक प्रत काढायची असते. ती तरी नियमाप्रमाणे होऊ दे, म्हणून दोघींनी मिळून शाई भरली, पुसली, ओला कागद घातला. संघप्रियाने चाक फिरवलं. करर. वैदेहीने कागदाची दोन टोकं धरून तो अलगद उचलला आणि उजेडाकडे वळवला.

तिरपी रेघ कुठेच नव्हती. कोपरे दोन्ही स्वच्छ होते. होडीच्या टोकापासून खांबापर्यंत एक दोर ताणलेला होता. भरतीच्या ओढीने ताठ झालेला, आता तुटेल असा वाटणारा आणि न तुटणारा. होडी धक्क्याला बांधली गेली होती.

"झालं," वैदेही समाधानाने म्हणाली.

संघप्रियाने प्लेट उचलून बघितली. तिथेही रेघ होडीपाशी सुरू होत होती आणि खांबापाशी संपत होती. तिने ती कोपऱ्यापासून ओढली होती, हे ती कुणाच्याही शपथेवर सांगू शकली असती. प्लेट खाली ठेवताना तिला आपला हात दिसला. आपल्या हाताखाली वैदेहीचा हात होता हे तिला माहीत होतं. आपल्या हाताच्या मागच्या बाजूला ही शाई कशी लागली, ते तिला माहीत नव्हतं. ठसे रुंद होते, आणि अजून ओले.

६

पारितोषिक समारंभ वाशीच्या सभागृहात झाला. स्टेजवर ती प्रिंट ईझलवर ठेवली होती, हार घालून. गुरूचं अपुरं स्वप्न शिष्येने पुरं केलं, असं रावसाहेब बोलले. वैदेहीच्या आईने पहिल्या रांगेत डोळे पुसले. मग रावसाहेबांनी वैदेहीला प्रिंटखाली सही करायला सांगितली. पोरीने पेन्सिल उजव्या हातात घेतली आणि सराईतपणे, न अडखळता सही केली. तिच्या आईने डोळे पुसायचं थांबवून तिच्या हाताकडे बघितलं.

"आता वैदेहीच्या शिक्षिका तांबे मॅडम दोन शब्द बोलतील."

संघप्रिया याचीच वाट बघत होती. तिने आठ दिवस शब्द जुळवले होते. हा पुरस्कार बंद करा. तो गाळा विका, ती प्रेस भंगारात घाला. या माणसाने जिवंतपणी आमचे हात घेतले आणि तुम्ही तो मेल्यावर त्याला पोरं पुरवताय. सगळ्यांच्या तोंडावर सांगायचं, मग नोकरी गेली तरी बेहत्तर. ती माइकपाशी गेली. वैदेही स्टेजवरून तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत कुठेतरी खोल अजून ती डक्टमधली पोरगी होती आणि ती काहीतरी मागत होती.

संघप्रियाने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि जिभेवर काय येऊन बसलंय ते तिला कळलं. तिने जुळवलेल्यातला एकही शब्द नव्हता तो. 'रेघ झकास' पासून सुरू होत होतं, आणि त्याला घाई झाली होती.

तिने ओठ गच्च मिटले. वर हात दाबून धरला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी हात काढला नाही.

"मॅडम भावूक झाल्यात," रावसाहेब हळुवारपणे माइकमध्ये म्हणाले, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं.